साळवे सरांची टायर-परीक्षा

सर, गेल्या आठवड्यात तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं आणि ती दोन्ही मिनिटं मी वाया घालवली. "साळवे सर अत्यंत शिस्तप्रिय आणि विद्यार्थीप्रिय होते," असं काहीतरी म्हणालो आणि खाली बसलो. तुम्ही समोर असता तर चष्मा नाकावर ओढून माझ्याकडे बघितलं असतं. मराठीचा मास्तर मी, उभा जन्म पोरांना सांगत आलो की निबंधात ठोकळेबाज वाक्यं लिहू नका, आणि तुमच्या फोटोसमोर उभं राहून नेमकं तेच केलं. मला बोलायचं होतं टायरबद्दल. पण पांढऱ्या कपड्यातली एवढी माणसं, समोर भन्तेजी, नुकतीच वंदना झालेली, तिथे मी टायरचा विषय कसा काढणार? म्हणून आता लिहितो.

चहाच्या वेळी तुमच्या एका पाहुण्यांनी मला विचारलं, "तुम्ही सरांचे कोण?" मला पटकन सांगता येईना. आपण सोयरे नव्हतो, गाववाले नव्हतो. मी टेंभुर्णीचा, तुमचं सगळं मंठ्याकडचं. आपण अप-डाऊनवाले होतो. राहायचं जालन्यात आणि शिकवायचं मंठ्यात. अकरा वर्षं एकाच गाडीत. तुम्ही विज्ञान, मी मराठी, आणि मागच्या सीटवर गणिताच्या काळे मॅडम, मांडीवर डबा आणि तपासायच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन. गाडी तुमची, चालवायची एक दिवस तुम्ही, एक दिवस मी. घरच्यांशी बोललो नसेन एवढं मी त्या गाडीत बोललो आहे. आणि एवढं बोलूनही जे बोलायला हवं होतं ते राहिलं.

ते आधीच लिहून टाकतो. नाहीतर लिहिता लिहिता मी पुन्हा पळवाट काढीन.

गेल्या वर्षीचा एप्रिल. सकाळची शाळा सुटली होती, ऊन मी म्हणत होतं. पाळी माझी होती. तुम्ही शेजारी डोळे मिटून बसला होता, मॅडम मागे पेंगत होत्या. वाटूर फाटा मागे पडला आणि पुढे शेळ्यांचा कळप रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला, गाडी घसरत कडेच्या चारीत उतरली आणि बाभळीला जाऊन टेकली. शेळ्या सगळ्या वाचल्या. मॅडमच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. आणि दार उघडून उतरताना माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "टायरच घसरले हो!"

टायर नवेकोरे होते. पंधराच दिवसांपूर्वी रफिकभाईंच्या दुकानातून बसवलेले. त्यामुळे सगळ्यांना ते लगेच पटलं. खरं असं होतं की फोन माझ्या मांडीवर होता. शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी विनोद टाकला होता आणि मी त्याला हसरं तोंड पाठवत होतो. कुणी आजारी नव्हतं, कसली घाई नव्हती. विनोदही धड नव्हता. मान वर केली तेव्हा शेळ्या समोर होत्या.

तुम्ही त्या दिवशी मॅडमना दुसऱ्या गाडीत बसवलंत आणि मग रस्त्यावर उकिडवे बसून चाकांच्या काळ्या खुणा बघत राहिलात. मला वाटलं, तुम्हाला चक्कर आली असेल. खुणा अगदी शेवटी शेवटी सुरू झाल्या होत्या, म्हणजे ब्रेक उशिरा लागला होता. हे मला आज कळतं, तुम्हाला तिथेच कळलं असणार. पण तुम्ही उठलात, पँट झटकलीत आणि म्हणालात, "चला, पहिलं मॅडमचं बघू."

मग जे व्हायचं ते झालं. मॅडमचे मिस्टर रफिकभाईंच्या दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर त्यांना नाही नाही ते बोलून आले. अप-डाऊनवाल्यांत बातमी पसरायला किती वेळ लागतो? मंठ्याचे, परतूरचे मास्तर लोक रफिकभाईंचं दुकान टाळायला लागले. वीस वर्षं ज्या माणसानं आपल्या सगळ्यांची चाकं सांभाळली तो एकदम लबाड ठरला. मी गप्प बसलो. पहिल्या दिवशी बोललो नाही म्हणून दुसऱ्या दिवशी बोलता आलं नाही, आणि मग ते तसंच राहून गेलं. उलट हट्ट धरून मी ते टायर काढायला लावले आणि आधीचे झिजलेले पुन्हा चढवायला लावले. आणि स्टेअरिंग सोडलं. "सर, आता तुम्हीच चालवा," म्हणालो. तुम्ही वर्षभर एकट्यानं चालवलंत आणि एकदाही का म्हणून विचारलं नाहीत.

यंदाच्या मार्चमध्ये झिजलेले टायर अगदीच टेकीला आले. तेव्हा तुम्ही गाडीत जाहीर केलंत, "आता टायर ऐकीव माहितीवर घ्यायचे न्हाई. बराबर परीक्षा घ्यायची. पकड, वळण आणि आराम, तीन पेपर."

मला वाटलं चेष्टा करताय. पण तुमची चेष्टा आणि तुमचं काम यातला फरक कळायला माणसाला दोनतीन रविवार लागतात. आपल्यासारखीच गाडी असलेले तीन मास्तर तुम्ही शोधून काढले, तिघांचे टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे. एकेका रविवारी एकेकाची चारही चाकं मागायची! परतूरच्या मास्तरांनी विचारलं, "आन् तवर माझी गाडी काय विटांवर उभी करू?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "न्हाई न्हाई, माझी चाकं तुमच्या गाडीला लावून देतो की." त्या भल्या माणसाला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

वेळ भर दुपारची. मी कुरकुरलो तर म्हणालात, "उन्हाळ्यात चालवायचे टायर सावलीत तपासून काय उपयोग सर? रबर तापल्यावर कसं वागतं तेच तर बघायचंय." टायरवरची नावं तुम्ही खडू फासून झाकलीत, म्हणजे कंपनी बघून आमचं मत बनायला नको. अ, ब आणि क. मॅडमनी एकेकाची दुसरी फेरी होताच त्यांचं बारसं केलं: लोणी, कडकराव आणि मधले काका.

शाळेमागचा तो जुना रस्ता, ज्याच्यावर आता फक्त लोकांची तूर वाळत असते. तुम्ही चुन्याच्या फक्कीनं आडवी रेघ मारलीत. क्रीडा विभागातून लांब उडीची टेप आणलीत. साठचा वेग धरायचा, चाक रेघेवर आलं की ब्रेक, आणि गाडी कुठे थांबते ते मोजायचं. तीनदा कोरड्या रस्त्यावर, तीनदा ड्रमनं पाणी ओतून. सगळं मांडून झालं आणि तुम्ही किल्ली माझ्यापुढे धरलीत.

"मी न्हाई," मी म्हणालो.

"मी मोजणार. मॅडम आरामाच्या पेपरासाठी ताक धरणार. मंग राह्यलं कोण?"

पहिल्या वेळी मी रेघेच्या कितीतरी अलीकडेच ब्रेक दाबला. दुसऱ्या वेळी वेग चाळीसच्या वर जाईना. तुम्ही काचेशी आलात आणि म्हणालात, "सर, मी टेप टायर मोजायला आणलीय. तुमची भीती मोजायला न्हाई. पुन्हा." पाचव्या का सहाव्या वेळी चाक बरोबर रेघेवर असताना ब्रेक लागला, गाडी जागच्या जागी गच्च उभी राहिली, आणि मी स्टेअरिंगवर डोकं टेकून बसलो. तुम्ही टेप धरून खाली वाकला होता. मुद्दामच वाकून राहिला होता, एवढं मोजायला तेवढा वेळ लागत नाही.

आरामाचा पेपर मॅडमचा. स्टीलची वाटी काठोकाठ ताकानं भरायची, खाली ताट धरायचं, ठरलेल्या खड्ड्यांवरून ठरलेल्या वेगानं जायचं, आणि ताटात सांडलेलं ताक प्रयोगशाळेतल्या मोजपात्रात ओतून आकडा लिहायचा. असली कल्पना जालना जिल्ह्यात तुम्हालाच सुचू शकते. पहिल्या रविवारी पाळी कडकरावाची, आणि खड्ड्याखड्ड्यात हाडं वाजली तरी थेंबसुद्धा सांडला नाही. आपण दोघं चकित. तुम्ही तर आकडा लिहून खाली दोन रेघाही मारल्यात. मग मागून मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, ऊन फार लागत होतं हो. अर्धी वाटी मी आधीच पिऊन टाकली." मी हसून हसून रस्त्याच्या कडेला बसलो. तुम्ही मात्र गंभीरपणे आकडा खोडलात आणि पुढच्या रविवारी दोन वाट्या आणल्यात, एक परीक्षेची आणि एक मॅडमची.

वळणांसाठी जांब समर्थचा रस्ता. तिथे गेल्यावर मॅडम म्हणाल्या, एवढं आलोय तर दर्शन घेऊ. आम्ही दोघं आत गेलो, तुम्ही बाहेर लिंबाखाली आमच्या चपला राखत वहीत रकाने आखत बसलात. आम्ही प्रसाद दिला, तुम्ही दोन्ही हातांनी घेतलात आणि विचारलंत, "डावीकडच्या वळणाला लोणी जरा मागं राह्यलं का हो?" राहिलं होतं. लोणी असं होतं की खड्डा कळायचाच नाही, पण स्टेअरिंग फिरवलं की गाडी जरा विचार करून वळायची. कडकराव नजर जाईल तिथे वळायचा, थांबायचाही सगळ्यांत आधी, पण रस्त्यावरची गिट्टी न् गिट्टी दातापर्यंत पोचवायचा. मधले काका कोरड्यात गुणी, पाणी ओतलं की पसार.

आणि मग आपलं भांडण. मी लोणीच्या बाजूचा. "रोज दोन-तीन तास पाठ सीटला आहे आपली, सर. जोरात ब्रेक वर्षातून एकदा लागतो."

"त्या एकदासाठीच टायर असतो."

"मग बाकीचे दिवस हाडं खिळखिळी करून घ्यायची?"

"हाडं खिळखिळी झाली तर डॉक्टर हाय. सर, तुम्ही कविता शिकवता म्हणून तुम्हाला सगळं मऊ लागतं."

तीन आठवडे आपण हेच बोलत गेलो आणि हेच बोलत आलो. मॅडम म्हणायच्या, पुढचे दोन कडकराव घाला, मागचे दोन लोणी, म्हणजे दोघांची तोंडं बंद होतील. त्यावर तुम्ही त्यांना वाटूर फाट्यापर्यंत समजावत होता की चारही चाकं एका मताची हवीत. मी तेव्हा म्हणालो होतो, सोमवारी तुम्हाला खोडून काढतो, रविवारभर मुद्दे लिहून आणतो. मुद्दे लिहिले होते सर. सोमवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला बोलावून घेतलं आणि तुमची ती वही दिली. पोरांना घ्यायला लावता तशीच प्रयोगवही. हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. साहित्यात "ताक (ताजे)" असं लिहिलंय आणि पुढे कंसात "न पिता". मी तिथेच हसलो, वहिनीही रडता रडता हसल्या. अ, ब, क तिघांची पानं झाली. मी वही मिटणार तर पुढे आणखी एक पान होतं. वर लिहिलं होतं: "ड. रफिकभाईंचे, गेल्या एप्रिलचे."

म्हणजे ते टायर तुम्ही टाकले नव्हते. वहिनी म्हणाल्या, "जिन्याखाली ठेवल्ते. एका दुपारी मलाच घेऊन गेल्ते त्या रस्त्यावर. म्हणले, वाटी धर. मी म्हणलं, आज तुमचे शिंदे सर कुठं गेले? म्हणले, ह्या सेटला सर नकोत."

आकडे तुमच्या त्या बारीक अक्षरात. कोरड्या रस्त्यावर रफिकभाईंचे टायर कडकरावापेक्षाही वीतभर आधी थांबले होते. ओल्या रस्त्यावर बरोबरीत. ताकही बेतानंच सांडलं होतं. एवढं सगळं लिहून खाली "अनुमान:" आणि पुढे काही नाही. अनुमान लिहिलं नाही म्हणून पोरांचा अर्धा मार्क कापणारे तुम्ही, आणि तुम्ही ती ओळ कोरी सोडलीत.

सर, आधी मला रागच आला. तुम्हाला ठाऊक होतं तर एकदा विचारायचं ना! शंभर वेळा आपण दोघंच गाडीत होतो. एक वाक्य. "सर, त्या दिवशी काय झालं?" एवढंच. मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला दोन दिवस ऐकवत राहिलो. तिसऱ्या दिवशी कबूल केलं की मी सांगितलं नसतं. मी पुन्हा टायरवरच ढकललं असतं आणि तुमच्या तोंडावर खोटं बोललो असतो, आणि मग आपली गाडी कायमची मोडली असती. तुम्ही मला ती वेळ येऊ दिली नाहीत. त्याऐवजी तीन रविवार उन्हात उभे राहिलात आणि ज्या माणसानं स्टेअरिंग सोडलं होतं त्याच्या हातात किल्ली दिलीत. एवढी माया कुणी माझ्यावर केली नव्हती. मी तुम्हाला थँक्यूसुद्धा म्हणालो नाही, लोणी चांगलं की कडकराव यावरच भांडत बसलो. आता म्हणतो. फार उपकार झाले सर तुमचे.

काल सकाळी मी रफिकभाईंकडे गेलो. वहिनींनी गाडी माझ्याकडे दिली आहे, शाळा संपेपर्यंत तुम्हीच न्या म्हणाल्या, आणि जिन्याखालचे ते चार टायर तिला पुन्हा बसवायचेच होते. वर्षभरात मी त्या रस्त्यानं गेलो तरी मान दुसरीकडे वळवून गेलो होतो. रफिकभाई उठून उभे राहिले. खुर्ची पुसली.

"बसा सर. साळवे सरांचं कळलं. मातीला आल्तो मी, मागं उभा होतो." मग थोडं थांबून म्हणाले, "लय नेक आदमी. त्यांच्यामुळं दुकान तगलं बघा."

मला कळेना. त्यांनी सांगितलं ते असं. अपघातानंतर आठवड्याच्या आत तुम्ही त्यांच्याकडे गेला होता. "म्हणले, रफिकभाई, तुमच्या टायरची बिलकुल चूक न्हाई. चूक माझी हाय. गाडी मऊ चालावी म्हणून मी चारी चाकांत हवा कमी ठेवल्ती, त्यानं घसरली. मी म्हणलं, मंग लोकांना सांगा की सर. तर म्हणले, लोकांना मी माझ्या हिशोबानं आणतो. आन् आणलं बराबर. वर्षभर ज्या मास्तरला टायर लागले त्याला स्वतः हाताला धरून आणलं. समोर उभं राहून बसवून घेतलं. पण सर, एक सांगू? मला त्यांचं नवल वाटायचं. एवढा हुशार मानूस, हवा कमी ठेवायची गलती कशी काय केली त्यांनी?"

मी खुर्चीची कडा धरून बसलो होतो. तुम्ही आणि हवा कमी! दर सोमवारी सूर्य वर यायच्या आत, टायर थंड असताना, स्वतःच्या मीटरनं चारही चाकं बघणारे तुम्ही. अर्ध्या वाटी ताकासाठी आकडा खोडणारे तुम्ही. अकरा वर्षांत मी तुमच्या तोंडून खोटं ऐकलं नाही. एकच बोललात, आणि ते माझ्यासाठी बोललात, स्वतःच्या नावावर.

"न्हाई, रफिकभाई," मी म्हणालो. "हवा बराबर होती. गाडी मी चालवत होतो आणि मी फोन बघत होतो. साळवे सरांनी काहीच केलं न्हाई. तुम्हीही न्हाई."

रफिकभाई समोर बसले. हातातलं फडकं घडी करून मांडीवर ठेवलं. मला वाटलं, आता मला उठवतील, आणि त्यांनी उठवलं असतं तर ते रास्तच होतं. मग त्यांनी विचारलं, "मॅडमला सांगितलं हे?"

"न्हाई."

"कधी सांगता?"

"इथून तिकडंच चाललो."

"मंग टायर बसवून जा," ते म्हणाले आणि उठले. "ऊन वाढून राह्यलंय."

काळे मॅडमच्या घरासमोर गाडी लावली तेव्हा बारा वाजत आले होते. त्या गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. तुमची गाडी बघून त्यांचा चेहरा क्षणभर भलताच झाला, मग मी दिसलो. त्यांनी हसून हात केला. हात वर उचलला तो खांद्यापर्यंतच, त्याच्या वर तो अजून जात नाही. वर्षभर मागच्या सीटवर बसून त्यांनी हे आपल्याला कधी जाणवू दिलं नव्हतं, की मीच कधी मागे वळून बघितलं नव्हतं? दार उघडंच होतं. त्यांचे मिस्टर पेपर बाजूला ठेवून या या म्हणत उठले, मॅडम पाणी आणायला वळल्या. मी म्हणालो, पाणी नंतर, आधी दोघंही बसा. ते बसले. मी उभाच राहिलो.

"मॅडम," मी म्हणालो, "टायर चांगले होते."